या वर्षी तुझ्याकडेच राहू दे

आईने जाण्याआधी भांडी वाटून दिली, बांगड्या वाटून दिल्या, रजयासुद्धा मोजून सारख्या केल्या. गालिचा मात्र वाटला नाही. म्हणाली, "हा कापायचा नाही आणि विकायचा नाही. एक वर्ष शौकतकडे, एक वर्ष सोलमाजकडे. भांडलात तर वरून बघेन."

शौकत म्हणजे मी, थोरली. अर्दबीलला राहते. सोलमाज माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, खलखालला दिलेली. मध्ये दोन तासांचा घाट, आणि हिवाळ्यात तो घाट निम्मे दिवस बंद.

गालिचा आम्ही तिघींनीच विणला होता. मधे आई, उजवीकडे मी, डावीकडे सोलमाज. मी पंधरा वर्षांची होते, ती सहा. मागासमोरच्या फळीवर बसली की तिचे पाय लोंबायचे. तीन वर्षं लागली. तिच्या बाजूच्या गाठी सैल आणि एका ठिकाणी फुलाच्या जागी तिने चक्क निळी कोंबडी विणलेली. आईच्या लक्षात आलं तोवर वर दहा ओळी चढल्या होत्या. उसवायला मी हात घातला तर आई म्हणाली, "राहू दे. जाते कुठे ती कोंबडी!"

दर वर्षी मेहेर महिना लागला, झाडांची पानं पिवळी पडली, की गालिचा घर बदलायचा. सोलमाज आणि तिचा नवरा यदुल्ला गाडी घेऊन यायचे किंवा न्यायला मी जायचे. न्यायची पाळी तिची असली की मी तासभर तिचं डोकं खायचे. गालिचा म्हणजे लोकर आणि सूत, आणि आमच्याकडचा हिवाळा दोघांचाही वैरी. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटाला चिकटून आलं आणि एकदा लवेत, म्हणजे गालिच्याच्या वरच्या तंतूंत, शिरलं की आतून कुरतडतं. हीटरच्या तोंडाशी गालिचा ठेवला की सूत कडक होऊन तुटतं. बाहेरच्या भिंतीला टेकवून गुंडाळी उभी केली की भिंतीची ओल पितो. घर बंद ठेवायचं झालं तर लवेच्या दिशेने गुंडाळायचा, घडी घालायची नाही, मध्ये तंबाखूची सुकी पानं, वरून सुती चादर, प्लास्टिक नाही, आणि जमिनीपासून वर, फळ्यांवर, खोलीच्या मधोमध. डांबराच्या गोळ्या मला चालत नाहीत, वास जन्मभर जात नाही. आणि कोरडा, भुसभुशीत बर्फ पडला की सकाळी अंगणात गालिचा उलटा पसरायचा, काठीने झोडपायचा, पाव तासात उचलून आत. खाली बर्फावर काळा चौकोन उमटतो, तेवढी वर्षाची घाण निघते. पण बर्फ ओला असेल तर हातसुद्धा लावायचा नाही.

सोलमाज चहा पीत ऐकायची. मला ती आबजी म्हणायची, म्हणजे ताई. मग म्हणायची, "आबजी, गालिचा देतेस की मुलगी सासरी पाठवतेस?"

"मुलगी पाठवताना एवढं सांगावं लागत नाही. तिला तोंड असतं. हा बिचारा काय बोलणार?"

"बरं, रोज रात्री त्याचे पाय चेपते. झालं?"

दोर आवळता आवळता यदुल्ला म्हणायचा, "तीस वर्षं झाली, माझे कुणी चेपले नाहीत."

असं आमचं चालायचं. तिला मूल झालं नाही. माझी मुलगी तेहरानला, वर्षातून एकदा येणारी. म्हणजे पाहायला गेलं तर आम्हाला एकमेकींखेरीज जवळचं कुणी नव्हतं, पण ते आम्ही कधी बोललो नाही. बोलायचो ते गालिच्याविषयी.

माझा नवरा नुसरत पोटाच्या दुखण्याने गेला. सात महिने मी त्याला घेऊन दवाखान्याचे जिने चढत होते. शेवटी तो मला हातांवर उचलता येईल इतका हलका झाला होता. तो गेल्यावर सोलमाज तीन महिने माझ्याजवळ राहिली. मी रडत नव्हते, बोलत नव्हते, भांडतही नव्हते. नुसती भिंतीकडे बघत असायचे. ती ताकाची आश, आमचं घट्ट सूप, करून चमच्याने भरवायची आणि म्हणायची, "मीठ जास्त झालंय, दोन शिव्या तरी दे." माझ्या तोंडून शिवीसुद्धा निघत नसे. एक दिवस मात्र तिचा हात धरून मी म्हटलं, "सोलमाज, मला आता कुणाचं आजारपण बघवणार नाही. पुन्हा तो जिना चढायची वेळ आली तर मी तिथेच पडेन."

ती म्हणाली, "नाही येणार वेळ."

ही गोष्ट तिच्या लक्षात राहील, असं मला वाटलं नव्हतं. मी स्वतः विसरून गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी पाळी तिची होती. मेहेरच्या सुरुवातीला दोघं आली. दारातच मला तिचा कोट सैल दिसला. मी आश केली होती, काळा हलवा आणला होता. तिने तीन चमचे आश घेतली आणि वाटी बाजूला सरकवली.

"हे काय? या वयात बारीक व्हायचं खूळ शिरलंय का डोक्यात?"

"दात दुखतोय गं. चावता येत नाही."

"आशीला कशाला लागतात दात?"

ती हसली. यदुल्ला हसला नाही, पण यदुल्ला तसाही कमीच हसतो. चहा झाला आणि मी गालिच्याची गुंडाळी बाहेर काढायला उठले, तेव्हा ती म्हणाली, "आबजी, गालिचा या वर्षी तुझ्याकडेच राहू दे."

"का?"

"असंच. यंदा आमच्याकडे थंडी फार पडणार म्हणतात."

"खलखालला थंडी कधी कमी होती?"

"राहू दे ना. पुढची दोन वर्षं मी नेईन."

मला राग आला. खरं सांगते, मला वाटलं तिला कंटाळा आलाय. गालिच्याचा, माझ्या सूचनांचा, माझा. मी म्हटलं, "आईचा शब्द आहे. तुला जड झाला असेल तर तसं तोंडावर सांग. थंडीच्या आड लपू नकोस."

तिने यदुल्लाकडे पाहिलं. तो चहाच्या रिकाम्या पेल्यात बघत होता.

"बरं," ती म्हणाली. "नेते."

गुंडाळीचं एक टोक तिने धरलं, दुसरं यदुल्लाने. बोळातून जाताना तिने मध्येच खाली ठेवलं आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी मागून म्हटलं, "म्हातारी झालीस की गं!" ती मागे न बघता म्हणाली, "तुझ्यावर गेले."

तो हिवाळा लवकर आला. दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायचा. मी फोन उचलला की पहिलं विचारायचे, "गालिचा कसा आहे?"

"पसरलाय. त्याच्यावरच बसलेय मी."

"बूट घालून कुणी येत नाही ना?"

"आबजी, आमच्याकडे कोण येतंय! यदुल्लाला तर मी दारातच पाय धुवायला लावते."

पलीकडून कधी गाडी ढकलल्यासारखा आवाज यायचा, कधी कुणी बाई कुणाला तरी नावाने हाक मारायची. मी विचारलं तर म्हणायची, टीव्ही. मीही पुढे विचारलं नाही. गालिचा पसरलेला होता ना, मग झालं.

ऐन हिवाळ्यात, बहमन महिन्यात, हाडं फोडणारी थंडी पडली. नऊ दिवस उणे पंचवीस. डोंगरातल्या गावांमध्ये गॅसचा दाब पडला, घराघरांतले नळ फुटले, बातम्यांत तेच. मी सोलमाजच्या घरच्या फोनवर फोन केला, कुणी उचलेना. मोबाइल बंद. दोन दिवस वाट पाहिली आणि घाट उघडल्याबरोबर मिनीबसमध्ये बसले.

घराला कुलूप होतं. दाराखालून बर्फाची जीभ बाहेर आली होती, पायरीवरून खाली, पार अंगणापर्यंत. शेजारची तावूस खाला किल्ली घेऊन आली. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघेना.

"कुठे गेलीत ही दोघं?"

"तबरीजला. यदुल्लाच्या भावाकडे."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस, बाळा. मी काय मोजलेत?"

कुलूपच गोठलं होतं. गरम पाणी ओतून उघडलं. वरच्या न्हाणीघराचा पाइप फुटून पाणी छतातून खाली आलं होतं आणि जसं आलं तसं गोठलं होतं. भिंतींवर बर्फ, दिव्यावर बर्फ. आणि खोलीच्या मधोमध, ओंडक्यासारखा, पांढरा, गालिचा. मी हात लावला तर हात चिकटला.

तिथेच, त्या बर्फात उभं राहून मी पुन्हा मोबाइल लावला. या वेळी तिने उचलला.

"कुठे आहेस?"

"आबजी... तबरीजला आलोय जरा."

"जरा? घरात नदी वाहून गोठलीय, आणि तू जरा तबरीजला? काल-परवापर्यंत मला सांगत होतीस, पसरलाय, त्याच्यावर बसलेय! माझ्या तोंडावर खोटं बोलत होतीस!"

मी थांबले नाही.

"पाहुणचार खायला गेलीस आणि आईला इथे बर्फात टाकून गेलीस. आई मेली तेव्हा नुसती रडलीस, तिला पुरलंस आज. साधा नळ बंद करता आला नाही तुला?"

"चुकलं माझं, आबजी."

"मला आबजी म्हणू नकोस. आजपासून मला बहीण नाही."

आणि मी फोन बंद केला. तावूस खाला दारात उभी होती. तिने ओढणीच्या टोकाने तोंड दाबून धरलं होतं. मला वाटलं, गालिच्याचं वाईट वाटून.

गोठलेला गालिचा वाकवायचा नाही, आतलं सूत काचेसारखं तुटतं. चार माणसं बोलावून मी तो तसाच सरळ टेंपोवर चढवला आणि अर्दबीलला आणला. थंड खोलीत ठेवला, म्हणजे सावकाश सुटेल. तीन दिवसांनी थर उलगडायला लागले. आतून तंबाखूची पानं निघाली, नीट, वीतवीत अंतरावर ठेवलेली. बाहेर सुती चादर होती. आणि खलखालच्या खोलीत त्याच्याखाली फळ्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं. पण राग उतरला नाही. उलट मी मनात म्हटलं, पानं ठेवायला सुचलं हिला, नळ बंद करायला नाही.

थंड पाण्यात व्हिनेगर घालून मी तो धुतला, लाकडी पट्टीने पाणी ओढून काढलं, आडवा पसरून वाळवला. लाल रंग पांढऱ्यात उतरला होता. मधला पट्टा बोटाने दाबला की सूत कुजक्या कापडासारखं आवाज न करता फाटायचं. शेवटी रफूगर उस्ता बहलूलकडे दिला. तो गुडघ्यावर बसून बराच वेळ गालिचा उलटासुलटा करत राहिला. म्हणाला, "बघू या, शौकत खानुम." त्याने 'बघू या' म्हटलं की आशा सोडायची.

दर शुक्रवारी फोन वाजत होता. मी उचलत नव्हते. नवरोजच्या दिवशी सकाळपासून पाच वेळा वाजला. मुलगी आलेली होती, ती म्हणाली, "आई, सोलमाज खाला आहे, उचल ना." मी म्हटलं, "वाजू दे." वाजून वाजून थांबला. त्यानंतर एकाही शुक्रवारी वाजला नाही. मी मनात म्हटलं, आली ना अक्कल.

नवरोजनंतर महिन्याभराने, फरवरदिन संपता संपता, एका दुपारी यदुल्ला दारात उभा. दाढी वाढलेली. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी म्हटलं, "आत ये म्हटलं नाही मी."

तो तसाच खाली बघून म्हणाला, "शौकत खानुम, चल. ती फार दिवस नाही आता."

"कोण?"

त्याने वर पाहिलं.

मग तिथेच पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. नुसरतचं होतं तेच, पोटाचंच. गालिचा न्यायला आली तेव्हा दवाखान्याच्या तारखा ठरलेल्या होत्या. बहमनच्या आधी, 'दे' नावाच्या महिन्यात, चार दिवसांसाठी म्हणून तबरीजच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी सोडलंच नाही. त्यानंतरचे शुक्रवारचे फोन खाटेवरून असायचे.

"मला का नाही सांगितलं?"

"तूच तिला म्हणाली होतीस ना, आजारपण बघवणार नाही, जिन्यातच पडेन. तिने मला कुराणावर हात ठेवायला लावला. तावूस खालालासुद्धा."

तो पुढे म्हणाला, "निघायच्या आधी दोन दिवस ती त्या गालिच्याशी खटपट करत होती. फळ्या मी मांडल्या, पण गुंडाळी तिने केली. एक हात गुंडाळायची, पडून राहायची, पुन्हा उठायची. मी म्हटलं, मी करतो. तर म्हणाली, तुला लवेची दिशा कळत नाही." त्याने नाक पुसलं. "आणि नळ... मुख्य नळ बंद करायला तिने मला सांगितलं होतं. गाडीत बसताना पुन्हा विचारलं, केलास का? मी हो म्हटलं. केला नव्हता. विसरलो होतो. तू फोनवर बोललीस तेव्हा मी समोरच बसलो होतो. ती म्हणाली, चुकलं माझं. माझं नाव घेतलं नाही."

तबरीजला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्याला लिफ्ट होती. मला जिना चढावा लागला नाही.

तिला मी ओळखलं ते कपाळावरून. औषधाच्या गुंगीत होती. मी तिचा हात धरून बसले. दोन दिवस बसले. कुणी नसेल तेव्हा बोलायचे. सगळं बोलले, फोनवर जे म्हणाले होते ते एकेक करून मागे घेतलं. तिच्यापर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. नर्स म्हणाली, कान शेवटपर्यंत जागे असतात. ती तसं सगळ्यांनाच सांगत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. मला पाहिलं. नीट पाहिलं, ओळखून. म्हणाली, "आबजी, पाणी."

मी कापूस भिजवून तिच्या ओठांना लावला. मला वाटलं, आधी तिची तहान भागू दे, मग माफी मागते. ती दोनदा ओठ हलवून कापूस चोखत राहिली आणि तशीच झोपली. पहाटे गेली.

तिला खलखालला पुरलं. मयतीला आलेल्या बायकांपुढे मी स्वतःच सांगितलं, मी तिला काय म्हणाले होते ते. बायका म्हणाल्या, "असू दे, शौकत खानुम, बहिणीबहिणींचं असतंच तसं. तिने कधीच माफ केलं असेल." त्यांच्यापैकी कुणी तिला विचारलं नव्हतं.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी यदुल्लाबरोबर घर आवरायला थांबले. तो तबरीजला भावाकडे राहायला जाणार होता. छताचं प्लास्टर पडलेलं, भिंतीवर बुरशी. मी तिचे कपडे बांधत होते. कोट आधी पिशवीत घातला, मग काढून बाजूला ठेवला. यदुल्ला खिडकीशी उभा होता. एकदम म्हणाला, "त्या दिवशी तू तिला एवढं बोललीस ना, फोन ठेवल्यावर ती हसली होती."

"काहीतरी बोलू नकोस."

"खरंच. मी रडत होतो आणि ती हसत होती. म्हणाली, ऐकलंस? आबजी भांडली! नुसरत गेल्यापासून पहिल्यांदा अशी भांडली. म्हणजे सावरली आता. माझ्यामागे राहू शकेल."

यदुल्लाला खोटं बोलता येत नाही, असं आम्ही सगळे तीस वर्षं म्हणत आलो. पण नळाच्या बाबतीत तो तिच्याशी खोटं बोलला होता, आणि अख्खा हिवाळा माझ्याशी. हे तो खरं सांगत होता की माझ्यासाठी रचून आणलं होतं, ते मला त्याच्या पाठीवरून कळेना, कारण तो पुन्हा खिडकीकडे वळला होता.

"हसली म्हणजे कशी?" मी विचारलं. "मोठ्याने?"

"नाही. मोठ्याने हसलं की दुखायचं तिला."

मी तिचा कोट उचलला आणि घडी घालायला लागले. पहिली घडी तिरपी झाली. सोडली, पुन्हा घातली.